निळ्या पाण्यात तरंगलेला थेंब

आज डिचोलीला रक्तदान शिबिरात गेले आणि रक्त न देताच घरी आले. बोटाला सुई टोचली, थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता. माझा जरा खाली गेला, घुटमळला आणि वर येऊन तरंगत बसला! मशीनवर परत तपासलं, हिमोग्लोबिन ११.४. द्यायला निदान १२.५ लागतं.

तोंड पाडून बसले तर तिथल्या डॉक्टर मॅडमनी बिस्किटांचा पुडा पुढे केला (रक्त न देता बिस्किटं, लाजच वाटली) आणि समजावत बसल्या. तांबड्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, सेकंदाला साधारण २० लाख. रक्तातला ऑक्सिजन कमी पडला की ऑर्डर सोडतं ते मूत्रपिंड! आणि पेशी पिकत आली की स्वतःचं केंद्रकच बाहेर टाकते, हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून. मग दुरुस्ती नाही, विभाजन नाही. सुमारे १२० दिवस नुसती ऑक्सिजनची ने-आण. शेवटी प्लीहा आणि यकृतात मोडीत निघते, पण तिच्यातलं लोह शरीर टाकत नाही, नव्या पेशींना वापरतं.

माझं लोहच कमी असणार, म्हणाल्या. तरी रक्त नीट तपासून घ्या. जेवणावर लगेच चहा पिता का? पिते. रोज.

आईला फोन केला. ‘तांबडी भाजी ताटात ठेवून उठतेस, आणि रक्तदान करायला निघालीस!’

म्हापशाच्या बाजारातून दोन जुड्या आणल्यात. लिंबूही.