तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्केस्ट्रा बंद का पडला?

लिफ्टमध्ये, लग्नात, परवा तर एका मयतीला गेलो तिथेही. "अहो, तुमचा ऑर्केस्ट्रा का हो बंद पडला?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही विचारणाराच देतो. "कराओके आलं ना!" नाहीतर, "दहाला लाउडस्पीकर बंद, मग काय होणार!"

दहाचा नियम २००० सालचा. डोंबिवलीत कराओके फोफावलं त्याच्याही नंतर. आमची शेवटची सुपारी १९९६ची. तेव्हा ते दोघंही निर्दोष.

आम्ही हौशी होतो. हे सांगावं लागतं, कारण पुढचा प्रश्न 'किती कमावलंत' हा असतो. बँकेतली, रेल्वेतली, पोस्टातली माणसं. शनिवारी शाळेच्या वर्गात बाकं मागे सारून तालीम. नाइटचे पैसे टेम्पो आणि साउंडवाल्यातच संपायचे. पण आमच्याकडे चार व्हायोलिनं होती. चार! त्यांचे पीस लिहून द्यायचे एक गोव्याचे सर, फिल्मच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे. ते सारखे १९५८बद्दल बोलायचे. त्या वर्षी हिंदी सिनेमातले व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईच्या झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभरावर वादक बसवले होते, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे, राग आपले नि मांडणी पाश्चात्त्य. "तेसुद्धा टिकलं नाही," असं सर म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

चौघांपैकी नोटेशन वाचता यायचं एकट्या काकांना. सरांच्या पाच रेघांवरचं ते सरगममध्ये उतरवायचे, बाकी तिघांसाठी, बारीक अक्षरात, वरच्या सप्तकाला टिंब देऊन.

१९९१चे गणपती. मंडळाचा निरोप आला, यंदा आवाज दणदणीत पाहिजे. ऑक्टोपॅड, म्हणजे विजेवरचा ढोल-ताशा, आधीच आला होता, आता एक कीबोर्डवाला मुलगा आणला. एकोणीस वर्षांचा, गुणी. तालमीत मी त्याला म्हटलं, हा व्हायोलिनचा पीस काढून दाखव. त्यानं एक बटण दाबलं नि उजव्या हातानं वाजवला. सुरात, लयीत, पहिल्या झटक्यात. भाद्रपदातल्या दमट हवेत आमच्या व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकायच्या किंवा सटकायच्या, खडू लावून लावून सूर धरावा लागायचा. चौघांत मिळून माइक एक, तोही शिट्ट्या मारणारा. इथे कसलीच भानगड नाही.

चौघं मांडीवर गज ठेवून ऐकत होते. मी म्हणालो, "यंदा हा पीस कीबोर्डवरच घेऊ." 'यंदा' म्हणालो होतो, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

काका म्हणाले, "चांगला वाजवतो रे पोरगा." मग त्यांनी गज सैल केला. तो तर रोजच करतात. पण त्या दिवशी त्यांनी व्हायोलिनच्या चारही तारा एकेक करून उतरवल्या. वाद्य बरेच दिवस काढायचं नसलं की तसं करतात. मला ते दिसलं. मी वहीत टेम्पोचा हिशेब लिहीत बसलो.

कार्यक्रमाला वन्स मोअर मिळाला. व्हायोलिनं कुठायत, असं एकानंही विचारलं नाही.

तेव्हाचा मी अजून भांडतो. म्हणतो, रेकॉर्डिंग स्टुडिओतूनसुद्धा व्हायोलिनं गेलीच ना? आणि २००६मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रानं सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तेव्हा बरेचसे वादक कझाकस्तानातून आणावे लागले. तू डोंबिवलीत काय टिकवणार होतास? शिवाय काकांचा वरचा सूर अलीकडे चढाच लागायचा. हे खरं आहे. त्यांच्यादेखत मी कधी बोललो नाही, एवढंच.

पण पुढच्या वर्षी काका आले नाहीत, त्यांच्यामागून ते तिघे. मग अ‍ॅकॉर्डियनवाला म्हणाला, "माझंही बटण असेल की त्याच्यात." हसून म्हणाला. पाच वर्षांनी तालमीला आम्ही चौघं उरलो, आणि तो कीबोर्डवाला मुलगा तोवर दुबईला नोकरीला.

काकांना मी तसा नंतर भेटलो, दोनतीनदा, भाजीबाजारात. मुलांच्या नोकऱ्यांवर बोललो.

एवढं सगळं लिफ्टमध्ये कसं सांगणार? दुसरा मजला येतोच. परवाही कुणीतरी विचारलं, तर म्हटलं, हो, कराओके.