बुऱ्हाणपूर पाहायचं तर आधी पाणी पाहा

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी पकडली की सावदा, रावेरच्या केळीच्या बागा मागे पडतात आणि तासाभरात बुऱ्हाणपूर येतं. जिल्हा आज मध्य प्रदेशात आहे. पण खानदेशावर दोनशेहून अधिक वर्षं राज्य केलेल्या फारुकींची ही राजधानी, त्यामुळे मी हे शहर खानदेशचंच धरतो.

बहुतेक मंडळी स्टेशनवरून थेट शाही किल्ला गाठतात. मी क्रम उलटा ठेवतो. स्टेशन लालबागेत, कुंडी भंडारा ही जमिनीखालची जुनी पाणीयोजनाही त्याच बाजूला आणि जुनं गाव तीनेक किलोमीटर दूर. म्हणून रिक्षा दिवसभरासाठी ठरवावी, भाडं आधीच बोलून घ्यावं आणि पहिली फेरी कुंडी भंडाऱ्याची करावी.

मोगल सरदार अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, १६१५च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ही योजना आखली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतं. ते वाटेतच अडवायला आडवे बोगदे खणले आणि त्यांना अगदी हलका ढाळ दिला. बोगद्याच्या डोक्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत, शंभराहून जास्त. कुंड्यांमुळे आत हवा खेळते, गाळ काढायला माणूस उतरू शकतो आणि वरून पाणीही शेंदता येतं. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्या ढाळाने गावात पोचायचं.

लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरता येतं. एका खेपेला मोजकीच माणसं मावतात आणि वीज गेली की काम थांबतं, म्हणून सकाळीच जावं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी असावी, चपला पकड असलेल्या. खाली पाण्यात उभं राहून भिंतीवरून हात फिरवा. चुन्याचे पांढरे थर बसलेत, कुठे गुळगुळीत, कुठे फुलकोबीसारखे दाणेदार. दिसायला सुंदर, पण दुखणंही तेच! पाण्यातला चुना साचत जातो आणि झिरपे बुजतात. वरच्या बाजूला बोअर वाढल्या की पाणी बोगद्यापर्यंत येतच नाही, आणि उघड्या कुंडीत कचरा पडला की उरलेलंही खराब होतं. रावेर-यावलकडे बोअर दरवर्षी किती खोल न्यावी लागते हे ठाऊक असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने हे बोगदे पाहावेतच.

हे पाहून शाही किल्ल्यात गेलं की हमामखाना, म्हणजे शाही न्हाणीघर, वेगळा दिसतो. मधलं कारंजं, गरम आणि गार पाण्याची सोय, छतावरच्या फुलं-वेलींचे अजून टिकलेले रंग. टॉर्च न्या आणि कोपऱ्यांवर तिरपा धरा. समोरून झोत मारला तर रंग फिके दिसतात. किल्ल्याची नदीकडची बाजू बरीच ढासळलीय, कठड्याला टेकू नका. १७ जून १६३१ला मुमताज महल याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं आणि डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. आहू म्हणजे हरीण. ही शिकारीची बाग होती. आज तिथे बागेपेक्षा पडझडच जास्त आहे. राखलेली हिरवळ आणि फुलझाडं पाहायची असतील तर बोहरा समाजाच्या दर्गा-ए-हकीमीत जावं. अंगभर कपडे हवेत.

जामा मशिदीत शुक्रवारी दुपारी जाऊ नका. फारुकी सुलतान राजा अली खानाने ती बांधवली. घुमट नाही, दर्शनी १५ कमानी आणि दोन उंच मिनार. बहुतेक लोक कमानींचे फोटो काढून परततात. तुम्ही उत्तरेच्या टोकापर्यंत जा. तिथे अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख आहे, देवनागरीतला. सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्काराने होते, पुढे फारुकींची वंशावळ येते आणि मग शके १५११, पौष शुद्ध एकादशी, सोमवार, अगदी घटी-नक्षत्रासह. मशिदीच्या भिंतीवर पंचांग! माझ्या लेखी बुऱ्हाणपुरातला सगळ्यात मोलाचा दगड हाच. अक्षरं लहान आहेत, निवांत वाचायला पंधरा मिनिटं ठेवा.

उतावळी नदीकाठी खानखानांचा मुलगा शाहनवाज खान याची काळ्या दगडाची कबर आहे, लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. भर दुपारी तो दगड सपाट दिसतो. कोवळ्या किंवा उतरत्या उन्हातच कोरीव काम उठतं. शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेची कबर खरबुजासारख्या फाकांची. बाहेरून लहान दिसते, पण आतल्या भिंती इंचभरही मोकळ्या नाहीत, सगळीकडे रंगीत नक्षी. कुलूप असेल तर राखणदाराला शोधा, पाहिल्याशिवाय परतू नका.

वेळ उरला तर बोहरडा गावाजवळ, मोहना-तापी संगमावर, राजाची छत्री आहे: ३२ खांब, पाच घुमट. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७मध्ये बुऱ्हाणपुरात वारले, त्यांची ही छत्री. पावसाळ्यात वाट चिखलाची होते. असीरगडचा डोंगरी किल्ला मात्र याच दिवसात कोंबू नका. तो वीसेक किलोमीटरवर आहे आणि चढायला वेगळी सकाळ लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमधलं ऊन खानदेशी माणसालाही झेपत नाही. परतीच्या गाडीआधी मावा जिलेबी गरम असतानाच खा. दराबा ही इथली रव्या-तुपाची मिठाई घरी न्यायला बरी, टिकते.