रुळांकाठचा ब्लू फ्रंट कॅफे

मिसिसिपीला ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, ऐकायला जाणारी माणसं सहसा क्लार्क्सडेल गाठतात. तिथे संग्रहालय आहे, खांबावर निळ्या गिटारी टांगलेला चौरस्ता आहे, रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा टी-शर्टवर छापून मिळते. आम्ही क्लार्क्सडेल सरळ गाळलं. माझा मामेभाऊ डॅलसला राहतो, नोकरी सांभाळून गिटार वाजवतो, आणि त्याच्या डोक्यात बेंटोनिया बसलं होतं. "ताई, पाच मिनिटांत बघून होईल असं गाव आहे, पण तिथली गिटार दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाही," एवढ्यावर त्याने मला गाडीत घातलं.

डॅलसहून आय-२० धरला की हा रस्ता लुइझियाना ओलांडून थेट मिसिसिपीत नेतो. विक्सबर्गला नदीवरचा पूल लागतो. खाली पाणी गढूळ, संथ आणि बेसुमार रुंद. या विक्सबर्गला १८६३ साली वेढा पडला होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथला कापूस बंदरांत अडकला, लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडे मोर्चा वळवला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पाऊस पडला. १८६५ला युद्ध संपलं तसा तो बाजार धाडकन कोसळलाही. मी यवतमाळची, त्यामुळे कापसाचा विषय निघाला की मला थांबवावं लागतं. त्याने थांबवलं.

जॅक्सनला आम्ही फक्त फॅरिश स्ट्रीटवर गाडी लावून पायी एक चक्कर मारली. एके काळी कृष्णवर्णीयांच्या व्यापारउदिमाची ही पेठ होती. आज बरीच दुकानं बंद, काहींचे नुसते दर्शनी भाग उभे. या रस्त्यावर एच. सी. स्पिअर नावाच्या गोऱ्या माणसाचं संगीताचं दुकान होतं. तो रेकॉर्ड कंपन्यांसाठी गायक हेरायचा. १९३१च्या सुरुवातीला बेंटोनियाच्या स्किप जेम्सला त्यानेच ऐकलं आणि विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला, पॅरामाउंट कंपनीकडे ध्वनिमुद्रणासाठी पाठवलं. त्या पेठेत बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही. पण त्या गायकाच्याच गावाला निघालो होतो, म्हणून तिथे पाय टेकवून जायचं होतं.

जॅक्सनहून ४९ नंबरचा हमरस्ता वायव्येला जातो. बेंटोनिया साधारण ३० मैलांवर. ब्लूज म्हटलं की सपाट डेल्टा, म्हणजे मिसिसिपी राज्याच्या वायव्येचा नदीकाठचा कापूसपट्टा, डोळ्यांपुढे येतो, पण हा भाग डेल्टा नाही. डेल्टा पुढे याझू सिटीला सुरू होतो. इथे चढउतार आहेत, झाडी आहे, आणि झाडांवर, खांबांवर, पडक्या घरांवर कुडझूच्या वेलींची गोधडी पसरलेली आहे. जपानहून आणलेली ही वेल मातीची धूप थांबवावी म्हणून सरकारनेच लावायला सांगितली होती, आता ती कुणाच्या बापाला आवरत नाही. ऑक्टोबर होता. वेचणी चालू होती. ट्रकांतून उडालेला कापूस रस्त्याच्या कडेच्या गवताला चिकटून बसला होता, आणि त्या एका दृश्याने मी वणी रोडवर जाऊन आले.

गाव खरंच एवढंसं. वस्ती काहीशेंची. हमरस्ता सोडून आत वळलं की रेल्वेचे रूळ, आणि रुळांना तोंड करून एक बसकी, काँक्रीटच्या ठोकळ्यांची, एकमजली इमारत. तोच ब्लू फ्रंट कॅफे. बाहेर मिसिसिपी ब्लूज ट्रेलची, म्हणजे ब्लूजच्या इतिहासातल्या जागांवर माहिती लावणाऱ्या उपक्रमाची, निळी पाटी आहे. ती नसती तर कुणी गाडीचा वेगही कमी केला नसता.

पाटी दोन्ही बाजूंनी वाचावी अशी आहे. १९४८ साली केरी आणि मेरी होम्स या जोडप्याने कॅफे सुरू केला. तळलेला बफेलो मासा, किराणा, चोरटी मक्याची दारू आणि गाणं, अशी ख्याती. रात्री दहानंतर गावात संचारबंदी असे, पण कापसाच्या हंगामात रुळांपलीकडच्या जिनिंगमध्ये पाळ्या चालायच्या, तेव्हा कॅफे चोवीस तास उघडा राही. जेवण मिळे, केसही कापून मिळत. आणि मग ते वाक्य, जिथे मी जरा थबकले: नागरी हक्कांचा काळ येईपर्यंत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला इथे नीहाय किंवा डबल कोला ही दुसरी शीतपेयं मिळत, कोका-कोला मिळत नसे. दुकान कृष्णवर्णीयांचं, गिऱ्हाईक कृष्णवर्णीय, तरीही. कोणती बाटली कुणाच्या हातात जाईल हे ठरवण्याइतकी बारीक नजर वंशभेदाच्या त्या व्यवस्थेची होती. मोठमोठ्या कायद्यांबद्दल वाचून जे पोचत नाही ते या बाटलीने पोचवलं.

आत गेलं की सिमेंटची जमीन, कमी उंचीचं छत, भिंतीभर जत्रांची पोस्टरं आणि फोटो, शीतपेयांचा फ्रीज, विजोड खुर्च्या. कॅफे चालवतात जिमी 'डक' होम्स. केरी आणि मेरीचा हा मुलगा १९४७चा, म्हणजे दुकानापेक्षा एका वर्षाने मोठा. १९७० साली कॅफे त्यांच्याकडे आला आणि १९७२पासून गावात दर जूनमध्ये ब्लूजचा उत्सव भरतो. मिसिसिपीतल्या चालू असलेल्या जूक जॉईंटांमधला हा सगळ्यात जुना मानतात. जूक जॉईंट म्हणजे शेतमजुरांनी शनिवारी रात्री जमून प्यायची, नाचायची, पत्ते कुटायची जागा.

आम्ही गेलो तेव्हा होम्स आतच होते, आणखी दोन परदेशी पाहुणे आधीच बसलेले. थोड्या वेळाने त्यांनी गिटार उचलली, खुंट्या पिळायला लागले, आणि माझ्या भावाने माझ्या पायावर पाय ठेवला: आता ऐक.

गिटार सर्वसाधारणपणे ज्या स्वरांत लावतात, ती लावणी बेंटोनियात नसते. इथे सहा तारा जाड ते बारीक अशा डी, ए, डी, एफ, ए, डी या स्वरांत लावतात, किंवा तेच अंतर ठेवून एक सूर वर. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प, सा, कोमल ग, प, सा. मोकळ्या तारांवरून बोट फिरवलं की थेट कोमल गंधाराची उदासी. मी कॉलेजात असताना गाण्याच्या बाईंच्या मागे बसून तंबोरा छेडायचे. त्यात गंधाराची तार नसते, खरजाच्या तारेतून तो आपसूक ऐकू येतो, म्हणून स्वयंभू गंधार म्हणतात, आणि तो शुद्ध असतो. इथे उलटा प्रकार आहे. कोमल गंधार मुद्दाम तारेत बांधून ठेवलाय, आणि तिसऱ्या तारेच्या पहिल्याच पडद्यावर बोट टेकलं की शुद्ध गंधार हजर. वाजवणारा या दोघांमध्ये सतत ये-जा करतो. तार किंचित ओढून मधल्या जागेवरही थांबतो. गळा तर त्या मधल्या जागेतच राहतो. माझ्या कानाला ते बेसूर वाटायला हवं होतं, शिकवणच तशी. पण दुसऱ्या गाण्यापर्यंत मी ती मधली जागा येण्याची वाट बघायला लागले होते.

होम्सचा अंगठा खालच्या तारेवर एकच ठेका धरतो आणि सोडत नाही. स्वरसंगती बदलते आहे असं वाटतं तेव्हाही ती धड बदलत नाही. ओळी किती मात्रांनी संपतील याचाही नेम नाही. ओळ संपली की गिटार तीच ओळ पुन्हा म्हणते, आणि दम लागला की सगळं तिथेच थोडं लांबतं. आपलं गाणं होम्स कागदावर लिहून काढणारे नाहीत. जुन्या ओळी, स्वतःच्या ओळी, त्या वेळी सुचलेलं काही, असं सगळं जोडत जातात. म्हणून एकाच नावाचं गाणं दोन रेकॉर्डवर सारखं भेटत नाही.

ही लावणी गावात आली कशी, याची हकिकत मला सैतानाच्या चौरस्त्यापेक्षा कितीतरी जास्त आवडते. हेन्री स्टकी नावाचा इथला माणूस पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून फ्रान्सला गेला. तिथे त्याला बहामाकडचे काही कृष्णवर्णीय शिपाई भेटले, त्यांच्या गिटारीवर ही लावणी त्याने ऐकली, आणि घरी परतताना सोबत आणली. असं त्यानेच सांगून ठेवलंय. म्हणजे ज्याला आपण मिसिसिपीच्या मातीचा आवाज म्हणतो तो एका बेटावरून निघून फ्रान्समार्गे या मातीत आला. स्टकीने ती गावातल्या स्किप जेम्सला दाखवली. जेम्सने तिला उंच, चिरकत जाणाऱ्या आवाजाची जोड दिली आणि १९३१ साली ग्राफ्टनला जाऊन १८ गाणी मुद्रित केली. मंदीत त्या तबकड्या कोण घेणार? पडल्या. जेम्स चर्चकडे वळला, ब्लूज सुटला. १९६४ साली जॉन फेही हा गिटारवादक आणि त्याच्या दोन मित्रांनी त्याला ट्यूनिकाच्या इस्पितळात शोधून काढलं, त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला, आणि १९६९ला गेला. क्रीम या इंग्लिश बँडने १९६६ साली त्याचं एक गाणं घेतलं नसतं तर शेवटच्या आजारपणात हाताशी पैसेही नसते.

जगाला ठाऊक आहे तो जेम्स. गावाला मात्र जॅक ओवेन्स जवळचा. हा शेती करायचा, दारू गाळायचा, शनिवार-रविवार घरच्या घरी जूक भरवायचा. गाव सोडून नाव कमवायला गेलाच नाही. डेव्हिड एव्हान्स या संशोधकाने त्याला साठच्या दशकात ध्वनिमुद्रित केलं, तोवर बाहेर कुणाला पत्ता नव्हता. १९९३ साली त्याला राष्ट्रीय पातळीवरचा नॅशनल हेरिटेज फेलोशिपचा मान मिळाला आणि १९९७ला तो गेला. स्टकी १९६६लाच गेला होता. त्याची एकही रेकॉर्ड निघाली नाही.

होम्सनी लहानपणी पहिल्यांदा गिटार ऐकली ती स्टकीची. पुढे शिकवलं ओवेन्सने. त्याला स्वरांची नावं, स्वरसंगतींची नावं ठाऊक नव्हती. बघ, ऐक, आणि कर, एवढाच अभ्यासक्रम. माझ्या भावाला हे घराणं म्हणायचा मोह आवरत नव्हता. मला तसं म्हणवत नाही. घराण्याला राजाश्रय असतो, गंडा असतो, शिष्यांची वंशावळ असते. इथे होतं ते दुकान. कुणी बिअर घ्यायला आला, बसला, भिंतीवरची गिटार काढली, वाजवली, पोरगं काउंटरमागून बघत राहिलं. ते दुकान १९७० साली बंद पडलं असतं तर ओवेन्सला दुपारी बसायला जागा आणि होम्सना बघायला हात राहिले नसते. कलेच्या गप्पांत भाडं, वीजबिल, फ्रीजची दुरुस्ती यांचा उल्लेख कुणी करत नाही. या गावापुरतं सांगायचं तर सगळा ब्लूज त्यांच्यावरच उभा आहे.

होम्सचं स्वतःचं कामही उशिरा बाहेर आलं. 'बॅक टू बेंटोनिया' हा अल्बम २००६चा, म्हणजे वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर. २०१९ला नॅशव्हिलच्या स्टुडिओत 'सायप्रस ग्रोव्ह' झाला, ब्लॅक कीज या रॉक बँडच्या डॅन ऑरबाकने निर्मिती केलेला. त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, २०२१चं ते पारितोषिक शेवटी मिसिसिपीतच, जॅक्सनच्या बॉबी रशकडे गेलं. 'सायप्रस ग्रोव्ह' नीटस आहे, वाजवणारेही कसलेले. तरी मला आधीचा जास्त भावतो. त्यात गाणं चाललेली खोली ऐकू येते.

मधेच मालगाडी आली. बोलणं ऐकू येईना. होम्सचा अंगठा चालूच, गाणं तेवढं थांबवलेलं. गाडी गेल्यावर पुढची ओळ. कुणी काही बोललं नाही, बहुधा रोजचंच.

संध्याकाळी आम्ही याझू सिटीला मुक्काम केला. तिथली मुख्य पेठ गुलाबी, पिवळी, जांभळी अशी रंगवलेली आहे, दहा मिनिटं छान वाटते. मोटेल एका नवसारीकडच्या जोडप्याचं होतं. मिसिसिपीत हे नवल नाही, तरी काकूंनी आल्याचा चहा दिला तेव्हा बरं वाटलं. ब्लूज ऐकायला आलोय म्हटल्यावर काकांनी बेंटोनियाचं नाव ऐकलंय म्हणून सांगितलं. जूनमध्ये त्यांच्या खोल्या सगळ्या भरलेल्या असतात.

जाणार असाल तर: जून टाळायचा की जूनमध्येच जायचं हे आधी ठरवा. उत्सवात गर्दी आणि घाम भरपूर, पण वाजवणारेही भरपूर. एरवी गेलात तर कॅफे उघडा असेलच याची खात्री नाही, आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं. प्रवेशाचं तिकीट वगैरे काही नाही, म्हणून काहीतरी विकत घ्या, बरणीत नोट टाका, सीडी घ्या. जेवणाची सोय जॅक्सनला किंवा याझू सिटीला बघा, शाकाहारी असाल तर डबाच न्या. आणि गिटार वाजवणारं कुणी सोबत असेल तर परतीचा रस्ता त्याच्या हाती स्टिअरिंग न देता करा. आमच्या मामेभावाने विक्सबर्गपर्यंत मागच्या सीटवर बसून तिसरी तार वर-खाली करत आणली.