७/१६ चा बोल्ट, एम १२ चा नट

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी, मागे कॉइल स्प्रिंग आणि लिंका, म्हणजे ॲक्सलला सांगाड्याशी जोडणारे लोखंडी हात. तक्रार एकच: ब्रेक मारला की मागून उजवीकडून 'टक', ॲक्सिलरेटर दिला की पुन्हा 'टक'. खालच्या लिंकेचे बुश (टोकांतले रबरी जोड) आधीच बदललेले, तरी आवाज जसाच्या तसा. अशा वेळी रबराला दोष देत बसण्यात अर्थ नसतो. बुशच्या आतली लोखंडी स्लीव्ह ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये (भोकं असलेल्या दोन पट्ट्यांमध्ये) गच्च आवळलेली असली पाहिजे. ती आवळलेली नसेल तर लिंक बोल्टवर मागेपुढे आपटते आणि कितीही बुश घाला, आवाज तोच येतो.

पाना लावला, नट अर्धा फेरा कुरकुरला आणि मग बोटांनी सुटला. बोल्टच्या आट्यांत चकचकीत तारेसारखे तुकडे अडकले होते, म्हणजे नटाचेच आटे सोलले गेले होते. बोल्टच्या डोक्यावर मध्यातून निघालेल्या सहा रेषा. ही इंचाच्या मापातली ग्रेड ८, ताकदीला साधारण मेट्रिक १०.९ या दर्जाइतकीच. पोलाद चांगलं होतं. मग बिघडलं कुठे?

पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर, मोजायचा गेज लावला तर १.२५ मिमीचं पान छान बसलं, आणि नटातही तेच. घोळ इथेच होतो. व्हर्नियर लावल्यावर बोल्टचा व्यास आला ११.०५ मिमी. एम १२, म्हणजे १२ मिमीचा मेट्रिक बोल्ट, इतका बारीक असूच शकत नाही. तो निघाला ७/१६ इंच यूएनएफ (इंचाच्या मापातला बारीक आटा), इंचाला २० आटे, म्हणजे पिच १.२७. आणि नट मूळ गाडीचा, एम १२ × १.२५. पिचमधला फरक दोन शतांश मिलिमीटरचा, तो चार-पाच आट्यांवर डोळ्यांना दिसत नाही. वीस आटे एकदम मोजले की मग कळतो: मेट्रिकला २५.० मिमी, इंचवाल्याला २५.४. त्यामुळे पिच गेजच्या आधी व्यास मोजायचा, हा क्रम उलटा करायचा नाही.

असा बोल्ट त्या नटात अगदी गुळगुळीत जातो, कुठे अडत नाही. नटाचं आतलं भोक सुमारे १०.६५, बोल्ट बाहेरून ११.०५, म्हणजे आट्याची पकड एका बाजूला ०.२ मिमी. असायला हवी ०.६८ च्या आसपास. आवळताना हाताला थोडा घट्टपणा लागतो, मग नटाचे आटे हळूहळू सोलतात. ७/१६ यूएनएफ हा सीटबेल्टच्या अँकरचा आटा, त्यामुळे या मापाचे नट-बोल्ट वापरलेल्या मालाच्या डब्यात निघतातच. कुणीतरी एम १२ समजून त्यातलाच लांबसा उचलला असणार.

आता खरा बोल्ट. डाव्या बाजूला मूळचा शाबूत होता, तो नमुना म्हणून काढला: एम १२ × १.२५, १०.९, फ्लँज डोकं (खाली वॉशरसारखी रुंद कड असलेलं). स्लीव्ह ७८ मिमी, दोन्ही कान ४-४ मिमी, एकूण ८६. बिनआट्याचा दांडा दुसऱ्या कानाच्या आत पोचत होता. या पिचचा, या दांड्याचा, फ्लँजवाला बोल्ट सुटा मिळेना. मिळत होता तो एम १२ × १.७५, साधं षट्कोनी डोकं.

गाडीच्या मालकाचा आग्रह १.२५ चाच होता. पण हा बोल्ट आरपार जातो, नट सुटा आहे, ब्रॅकेटला वेल्ड केलेला नाही. मग पिच बदलली आणि नटही त्याच पिचचा घेतला तर बिघडत काही नाही. बारीक आट्याचं ताण घेणारं क्षेत्रफळ ९२ चौ. मिमी, जाड्याचं ८४, इतकाच फरक. इथे न सोडण्यासारख्या गोष्टी दोन: १०.९ चा दर्जा आणि दांड्याची लांबी. नट वेल्ड केलेला असता तर मात्र १.२५ शोधत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दांड्याचं गणित जरा सावकाश करावं लागतं. अर्ध्या आट्याच्या एम १२ बोल्टला, एकूण लांबी १२५ पर्यंत असेल तर, ३० मिमी आटा असतो. ११० चा घेतला तर आटा डोक्यापासून ८० वर सुरू होतो, आणि दुसरा कान ८२ पासून ८६ पर्यंत. म्हणजे कानाच्या भोकात पूर्ण आटाच बसला. आट्यांच्या धारा भोकाला कानशीसारख्या खातात आणि काही महिन्यांनी 'टक' परत हजर. १२० मध्ये पूर्ण आटा ९० वर सुरू, पण त्याच्या अलीकडे चार-साडेचार मिमी अर्धवट आटा असतो, आणि जाड्या पिचला हा भाग जास्तच लांब. अखंड दांडा भरतो जेमतेम साडेपंच्याऐंशी. डोक्याखाली अडीच मिमीचं वॉशर घातलं की कान सरकतो ८४.५ ते ८८.५ वर, म्हणजे दांडा कानात फक्त एक मिमी.

म्हणून १२५ चा घेतला. पूर्ण आटा ९५ वर, अखंड दांडा साधारण साडेनव्वदपर्यंत, म्हणजे पूर्ण कान पार करून दोन मिमी बाहेर. आता नट आटा संपतो तिथे दांड्यावर अडकता कामा नये. तसं झालं तर टॉर्क रेंच 'कट' वाजवतो आणि सांधा मात्र सैलच राहतो. म्हणून नटाच्या बाजूला ७ मिमी जाड वॉशर: ८६ अधिक २.५ अधिक ७, एकूण ९५.५. नटाला अर्धा मिमी मोकळा मिळाला.

हे जाड वॉशर साध्या पट्टीतून कापून चालत नाही. १०.९ च्या ताणाखाली मऊ लोखंड दबतं आणि आवळ उतरतो. एम २४ च्या १०.९ च्या जुन्या बोल्टचा दांडा लेथवर धरला. बाहेरचा व्यास आयताच २४, एम १२ च्या वॉशरचा असतो तेवढा. कोबाल्ट ड्रिल, कार्बाइड इन्सर्ट, भोक १२.३. दोन्ही तोंडं समांतर हवीत, नाहीतर बोल्ट वाकून बसतो. चार पातळ वॉशर एकावर एक रचणं मला पटत नाही; जितक्या जास्त फटी, तितकं नंतर बसणं जास्त.

बोल्टच्या गठ्ठ्यातले दांडे व्हर्नियरने तपासले. प्रमाणानुसार एम १२ चा दांडा ११.७३ पासून १२.०० पर्यंत कितीही चालतो, म्हणून ११.९५ च्या आसपासचा निवडला.

शेवटी नटापलीकडे सतरा-साडेसतरा मिमी शेपूट उरत होतं. त्यातलं १३ कापलं. कापायच्या आधी एक साधा नट आट्यावर चढवून ठेवायचा, पातळ डिस्कने थांबत थांबत कापायचं, टोकाला कानशीने ४५ अंशांची उतरती धार द्यायची आणि मग नट काढायचा. तो निघताना टोकाचे आटे साफ करतो. कापल्याची तीक्ष्ण कड तशीच ठेवली तर नायलॉक नटाचं (आत नायलॉनची कडी असलेल्या, सैल न होणाऱ्या नटाचं) नायलॉन कापलं जातं. कापलेल्या टोकाला झिंकचा रंग लावला. पुन्हा प्लेटिंगला पाठवलं नाही. इतक्या कठीण बोल्टला प्लेटिंगमधल्या हायड्रोजनमुळे उशिरा तडा जायचा धोका असतो, आणि नंतर नीट भाजून घेतलंय की नाही हे बाहेरून कळत नाही.

दुसरे पर्याय सुचवले गेलेच. स्टेनलेस ए२-७० ची यील्ड (ज्या ताणाला बोल्ट कायमचा लांबतो तो) ४५० मेगापास्कल, १०.९ ची ९००, विषय संपला. १२.९ चा ॲलन (डोक्यात षट्कोनी खाच असलेला) बोल्टही नको, चिखलापाण्यात उघड्यावर इतका कठीण बोल्ट ठिसूळपणे तुटू शकतो. ११० च्या बोल्टवर डायने आटा वाढवूनही उपयोग नव्हता, कारण कमी पडत होता दांडा, आटा नव्हे. तसंही १०.९ वर हातडाय चालवली तर आधी डायचे दात जातात.

कानांची भोकं अंडाकृती झाली होती, उभी १२.६, आडवी १३.४. बुश काढून घेऊन प्रत्येक कानाला बाहेरून १२.२ भोकाची ३ मिमीची चकती वेल्ड केली असती तर वरचं सगळं गणित ६ मिमीने सरकलं असतं. त्यापेक्षा भोकं वेल्डने भरून, घासून, १२.२ ला पुन्हा पाडली. जाडी ४ च राहिली.

नट दर्जा १० चा, एम १२ × १.७५. हलकं तेल लावून ११५ ते १२० न्यूटन-मीटर, पण चाकांवर गाडीचा पूर्ण भार आल्यावर. जॅकवर लिंक लोंबत असताना आवळलं तर रबर त्याच पिळलेल्या अवस्थेत पकडलं जातं आणि लवकर फाटतं. नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ मारली, थोडी चालवून आणल्यावर ती सरकलेली नव्हती. आवाज गेला. उजव्या कानाशेजारी ब्रॅकेटवर रंगाने '१.७५' लिहिलं, कारण डावीकडचा नट अजून १.२५ चाच आहे.