२१०चा संच १७०वर का अडकतो

कोराडी, नाशिक, भुसावळ, परळी, खापरखेडा, चंद्रपूर. महाराष्ट्रातल्या या सगळ्या औष्णिक केंद्रांत २१० मेगावॅटचे संच उभे राहिले. क्षमता एकच ठरल्याने सुटे भाग आणि अनुभवी माणसं दोन्ही मिळणं सोपं गेलं. त्यातले काही संच आता निवृत्त झालेत, काही अजून चालतात. त्यांच्याबद्दल एक प्रश्न हमखास येतो: पाटीवर २१० लिहिलंय, मग मिळतात १७०-१८०च का? ‘टर्बाइन जुनं झालं’ हे ठरलेलं उत्तर. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. टर्बाइनला चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या दाबाची आणि ५४० अंशांची वाफ तासाला साधारण ६९० टन मिळाली, तर ते आजही भार उचलतं. अडतं ते त्याच्या बरंच आधी, कोल मिलमध्ये, म्हणजे कोळसा दळायच्या चक्कीत.

आकडेमोड करून बघू. एक युनिट विजेसाठी २,५०० किलोकॅलरी उष्णता लागते असं धरा. २१० मेगावॅटला तासाला साडेबावन्न कोटी किलोकॅलरी लागतील. कोळसा किलोला ५,००० किलोकॅलरीचा असेल तर तासाला १०५ टन पुरतो. ३,५००चा आला तर १५० टन, आणि ३,०००चा आला तर १७५ टन. आता पुरवठ्याकडे या. अशा संचाला सहा बाऊल मिल (फिरत्या वाडग्यात रोलखाली कोळसा दळणाऱ्या) असतात, पाच चालू आणि एक राखीव. एकेक मिल कागदावर तासाला ३३-३४ टन दळते. पण हा आकडा ठरावीक कठीणपणाच्या, कोरड्या कोळशासाठी आणि नव्या रोलसाठी असतो. रोल झिजलेले आणि कोळशात दगड असला की तीच मिल २९ टनांवर येते. पाच मिलचे झाले १४५ टन. ३,०००च्या कोळशावर त्यातून १७४ मेगावॅट निघतात. टर्बाइनचा यात काही दोष नाही.

मग सहावी मिल घ्या की, असं कुणीही म्हणेल. घेतात. पण मग राखीव काहीच उरत नाही. रोल बदलायला, बाऊलची पट्टी बघायला मिल मोकळीच मिळत नाही, आणि पुढच्या महिन्यात सहाच्या सहा मिल मिळून पाचांचं काम करू लागतात.

मिलची तब्येत तीन गोष्टींवरून कळते. पहिली बारीकपणा: दळलेल्या कोळशापैकी ७० टक्के भाग २०० मेशच्या (इंचात २०० भोकं) चाळणीतून गेला पाहिजे. ६० टक्केच गेला तर राखेत न जळलेला कार्बन वाढतो, आणि फ्लाय अ‍ॅश घेणारे सिमेंटवाले कुरकुर करू लागतात. दुसरी मिलमधून बाहेर पडणाऱ्या हवा-कोळशाचं तापमान, ७५ ते ८० अंश. तिसरी रिजेक्ट, म्हणजे मिल न दळता बाहेर टाकते तो माल. पायराइट हॉपरमधून दगड आणि लोखंडाचे तुकडे पडले तर ठीक. चांगला कोळसाच पडायला लागला तर रोल आणि बाऊलमधलं अंतर वाढलंय, स्प्रिंगचा ताण गेलाय किंवा प्रायमरी हवा (कोळशाची पूड भट्टीत वाहून नेणारी) कमी पडतेय. नेमकं काय, ते हवेचा प्रवाह आणि मिल मोटरचा करंट शेजारी ठेवून बघितल्याशिवाय ठरवू नये.

पावसाळ्यात हे सगळं एकदम अंगावर येतं. ओला कोळसा बंकरच्या (मिलवरच्या कोळशाच्या टाकीच्या) भिंतीला चिकटतो, मधोमध भोक पडतं, वरून बंकर भरलेला दिसतो आणि खाली मिलला कोळसा देणारा फीडर रिकामा फिरतो. घण घेऊन बंकरच्या पत्र्यावर ठोकणारी माणसं जुलैत प्रत्येक केंद्रात दिसतात. त्या पत्र्यावरचे पोचे मोजले तर किती पावसाळे झाले ते कळेल. बंकर सुटला तरी ओलावा मिलमध्ये येतोच. गरम हवेचा डँपर (झडप) पूर्ण उघडूनही बाहेर पडतानाचं तापमान ५५-६० अंशांवर अडकतं. मग फीडर कमी करावा लागतो, नाहीतर मिलमधून भट्टीकडे जाणारा कोल पाइप चोक होतो. चोक झालेला पाइप हाताला गार लागतो. तो मोकळा न करता मिल तशीच चालवली तर आत साचलेला कोळसा हळूहळू पेटतो. मिलचं तापमान अचानक चढू लागलं की गरम हवेचं गेट आधी बंद करायचं आणि मिलमध्ये वाफ सोडायची. दार उघडून आत डोकावण्याचा मोह जीवावर बेततो, कारण आत हवा गेली की स्फोट होऊ शकतो.

मिल नीट असूनही भार चढत नसेल तर आयडी फॅनकडे जा. खराब कोळसा म्हणजे जास्त कोळसा, जास्त हवा, जास्त धूर. हा धूर ओढून भट्टीचा दाब उणे ५ ते १० मिलिमीटर पाण्यावर ठेवायचं काम आयडी फॅनचं. त्यांचा करंट मर्यादेला टेकला की कोळसा असूनही जाळता येत नाही. अशा वेळी नवा फॅन मागण्याआधी एअर प्रीहीटरच्या (धुराच्या उष्णतेवर हवा तापवणारं यंत्र) आधी आणि नंतर धुरातला ऑक्सिजन मोजावा. आधी ३.५ टक्के आणि नंतर ६.५ टक्के आला, तर फरकाला २१ उणे ६.५ने भागून ९०ने गुणा. गळती साधारण साडेअठरा टक्के निघते. म्हणजे प्रीहीटरचे सील झिजल्याने एफडी आणि पीए फॅनची (भट्टीला हवा देणारे पंखे) हवा भट्टीत न जाता थेट धुरात मिसळतेय आणि आयडी फॅन ती फुकट ओढतायत. सील बदलायला ओव्हरहॉलची वाट बघावी लागते, पण निदान दुखणं कुठंय ते तरी कळतं.

टर्बाइनमधून निघालेल्या वाफेचं पाणी करणाऱ्या कंडेन्सरचं व्हॅक्यूम एप्रिल-मेमध्ये पडतं, त्यात नवल नाही. हिवाळ्यात पडलं तर नळ्यांत गाळ-क्षार बसलेत किंवा कुठून तरी हवा आत येतेय. पाणी हा मात्र वेगळा विषय आहे. मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर या २०१५च्या केंद्रीय मर्यादेत राहूनही २१०चा एक संच दिवसाला साडेसतरा हजार घनमीटरच्या वर पाणी पितो. २०१३च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. मिल, फॅन, कोळसा सगळं जागेवर असून.

आता राख. दीडशे टन कोळशात ४० टक्के राख म्हणजे तासाला ६० टन. त्यातली साधारण ८० टक्के धुराबरोबर ईएसपीकडे (विजेच्या भाराने राख पकडणारं यंत्र) निघते आणि जाता जाता वाटेतल्या नळ्या घासते. इकॉनॉमायझरची (बॉयलरला जाणारं पाणी धुरावर तापवणाऱ्या नळ्या) वळणं सगळ्यात आधी पातळ होतात. ट्यूब लीकेज मोजमापाआधी कानाला कळतं: सूट ब्लोअर (नळ्यांवरची काजळी उडवणारे वाफेचे फवारे) बंद असतानाही फुसफुस चालू राहते. मग मेकअप पाणी, म्हणजे गेलेल्या पाण्याची भरपाई, वाढतं. एरवी तासाला सात-आठ टन लागणारं पाणी वीस-पंचवीसवर गेलं की शंका उरत नाही. ‘संध्याकाळची मागणी निघू दे, मग बंद करू’ हा सल्ला महागात पडतो. दीडशे किलोची वाफ शेजारच्या नळ्या कापत जाते आणि एका नळीचं काम सात-आठ नळ्यांचं होतं. भट्टी गार करणं, मचाण, कापणी, सांध्याच्या मुळाशी टिग वेल्डिंग, एक्स-रे, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), पुन्हा तेलावर भट्टी पेटवणं, असे दोन-तीन दिवस तसेही जातातच. ते दिवस गळती कळताच द्यावेत.

अलीकडे त्रासाची दिशा उलटलीय. दुपारी सौर वीज भरपूर असते, त्यामुळे भार ५५ टक्क्यांवर उतरवायला सांगतात. २०२३च्या केंद्रीय नियमांनी टप्प्याटप्प्याने ४०पर्यंत जायचंय. इतक्या कमी भारावर मिल कोणत्या ठेवायच्या हे महत्त्वाचं ठरतं. प्रत्येक मिल भट्टीतल्या एका मजल्याच्या बर्नरना कोळसा देते. लागून असलेल्या मजल्यांच्या तीन मिल चालवल्या तर ज्योत टिकते. मधला मजला सोडला तर फ्लेम स्कॅनर लुकलुकतात आणि तेलाच्या गन लावाव्या लागतात. स्कॅनरनी ज्योत गेली म्हटलं की बॉयलर ट्रिप. मग पाच मिनिटं पर्ज (भट्टीतला वायू हवेने झाडून काढणं) आणि सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी सूर्य उतरला की चौथी, पाचवी मिल पटापट घ्यावी लागते. म्हणून मिलची कामं आता सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये लावावीत. त्या वेळेत राखीव सोडूनही दोन मिल मोकळ्या असतात, आणि रोल उघडून ठेवलेली मिल संध्याकाळी कुणाला नको असते.