पहाटे साडेपाचचा डोंगर

दिवाणजींची तक्रार एका दमात संपली. "साहेब, तुमचं मशीन रोज साडेपाचला झोपतं. आम्ही जागे आणि ते झोपलेलं!"

वाशीची एपीएमसी, तिथला फळबाजार, महिना एप्रिल. हापूसचा हंगाम ऐन भरात. रात्रभर कोकणातून गाड्या लागत असतात, माथाडी पेट्या उतरवत असतात आणि उजाडायच्या आत गिऱ्हाईक गाळ्यावर हजर. अशा वेळी बिलाचा स्क्रीन अर्धा-पाऊण तास नुसता गोल फिरत बसला, तर दिवाणजी चिठ्ठीवर पेट्या लिहून घेतात आणि नंतर एकेक चढवतात. त्यात पाच-दहा पेट्यांचा घोळ ठरलेला. माझ्याआधी नेटवाला दोनदा येऊन स्विच बदलून गेला होता. आणखी कोणीतरी यूपीएस बदलायला लावला होता. शेठचं म्हणणं एवढंच, "आता तुम्ही काय बदलणार ते सांगा."

मी कळव्यात राहतो. ठाणे ते बेलापूर पट्ट्यातल्या लहान ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. मी काहीच बदललं नाही. तीन दिवस घरी बसून सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याने वेळ टाकून लिहिलेल्या नोंदी, चाळल्या. साडेपाचच्या आसपासच्या ओळी पुन्हापुन्हा वाचल्या. तिथे सगळं शांत. कुठे एरर नाही, काही बंद पडलेलं नाही. दिवाणजी उगाच सांगतायत की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. (त्याबद्दल त्यांची माफी नंतर मागितली.)

मग ठरवलं की मशीनवर पाळत ठेवायची. गाळ्याच्या पोटमाळ्यावर एक जुना आय-थ्री पीसी धूळ खात पडला होता. त्यावर डेबियन लिनक्स टाकलं, वर प्रोमिथियस (मशीनचे आकडे गोळा करून ठेवणारा) आणि ग्राफाना (त्यांचे ग्राफ काढणारा). प्रोमिथियस २०१२ साली साउंडक्लाउड या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीत सुरू झाला. तो आंब्याच्या पेट्यांशेजारी बसवताना मला हसू आलं. बिलाच्या सर्व्हरवर फक्त नोड एक्सपोर्टर हा छोटा प्रोग्रॅम ठेवला. तो सीपीयू, मेमरी, डिस्क यांचे आकडे ९१०० पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारात, मांडून बसतो आणि प्रोमिथियस ठरलेल्या वेळी येऊन ते उचलून नेतो. मी दर पंधरा सेकंदांनी न्यायला सांगितलं. फायरवॉलमध्ये ९१०० फक्त त्या जुन्या पीसीपुरता उघडला. एक्सपोर्टरला आपण लावल्याशिवाय पासवर्ड नसतो, त्यामुळे तो सगळ्या जगाला उघडा ठेवायचा नाही.

अर्धा तास मात्र एका टॅबने खाल्ला. प्रोमिथियसच्या सेटिंगच्या वायएएमएल फाइलमध्ये ओळीआधी समास सोडायला स्पेसच लागते, टॅब चालत नाही. मी घाईत टॅब मारला आणि प्रोमिथियस उठेचना. प्रोमटूल या त्याच्याच तपासनिसाला फाइल दिली तेव्हा त्याने ओळ दाखवली. हे आधीच करायला हवं होतं, दरवेळी हवं असतं. ग्राफाना ३००० पोर्टवर उघडला, अॅडमिन-अॅडमिन हा मूळचा पासवर्ड लगेच बदलला, १८६० क्रमांकाचा तयार डॅशबोर्ड (ग्राफांचा फलक) आत ओढला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना ग्राफ उघडला. रात्रभर डिस्कची रेघ जमिनीलगत आणि बरोब्बर साडेपाचला कड्यासारखी उभी. सव्वासहापर्यंत वरच. मग धाडकन खाली. त्या वेळात सीपीयूचा आयओवेट, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, तोही फुगलेला. दिवाणजी खरं बोलत होते. पण मग लॉग का गप्प?

तिसऱ्या पहाटे चारला बाइक काढली. विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे करत तुर्भ्याला पोचलो. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. हमालांच्या हातगाड्या चुकवत पोटमाळा गाठला आणि सर्व्हरवर लॉगिन करून बसलो. साडेपाच वाजले. खालून दिवाणजींची हाक आली, "झोपलं बघा!" डेटाबेसमध्ये त्या क्षणी काय चाललंय त्याची यादी, प्रोसेसलिस्ट, काढली. सगळी बिलं रांगेत थांबलेली आणि पुढे एक मायएसक्यूएलडंप, डेटाबेसची नक्कल काढणारा प्रोग्रॅम, टेबलांना कुलूप घालून निवांत बॅकअप घेत बसलेला. दिवसाउजेडी नाही, पण ऐन धंद्यात. सहज म्हणून सर्व्हरला वेळ विचारणारी डेट कमांड मारली. उत्तर आलं: ००:०७, यूटीसी. म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

मी काही क्षण नुसता बघत राहिलो.

उबंटू सर्व्हर बसवताना कोणी टाइमझोन बदलला नव्हता. आधीच्या माणसाने बॅकअप क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) रात्री बाराला लावला, त्याच्या हिशेबाने अगदी बरोबर. पण सर्व्हरचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मी लॉगमध्ये ०५:३० शोधत होतो, म्हणजे तीन दिवस आपल्या सकाळी अकराच्या ओळी वाचत होतो! बिलांवर वेळ काउंटरच्या विंडोज पीसीची छापली जायची, म्हणून कोणाला संशय आला नाही. प्रोमिथियसला टाइमझोनशी देणंघेणं नाही, तो १९७० पासूनचे सेकंद मोजतो. ग्राफाना तीच वेळ बघणाऱ्याच्या ब्राउझरप्रमाणे दाखवतो. म्हणून डोंगर साडेपाचला उभा दिसला. लॉगने मला फसवलं नव्हतं, मीच त्याला वेळ विचारली नव्हती.

टाइमडेटसीटीएल कमांडने झोन एशिया-कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, केला, डेट पुन्हा मारून खात्री केली आणि रुबाबात सांगितलं, "उद्यापासून बॅकअप रात्री बाराला." दिवाणजींनी मान हलवली, बोलले काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला डोंगर जसाच्या तसा.

झोन बदलला तरी चालू असलेला क्रॉन सुरू होतानाचीच वेळ धरून बसतो. त्याला रीस्टार्ट करावं लागतं. हे मला ठाऊक होतं, दोन वर्षांपूर्वी महापेला हाच धडा मिळाला होता. तरी विसरलो. शेठचा फोन आला तेव्हा कान धरूनच उचलला.

रीस्टार्ट करायला बसलो तेव्हा दिवाणजी पोटमाळ्यावर चढून आले. जुन्नरकडचा माणूस, ठसक्यात बोलणारा. "साहेब, रात्री बाराचं ठरवलंय खरं, पण बाराला तर गाड्या लागतात. आवक तेव्हाच चढवतो मी."

"मग तुम्हीच सांगा, कधी?"

"दुपारी चारला. तेव्हा आमची रात्र असते."

क्रॉनमध्ये सोळा वाजता लावला. डंपला सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय जोडला, त्यामुळे टेबलांना कुलूप न घालता बॅकअप होतो. टेबलं इनोडीबी प्रकारची होती म्हणून हे जमलं. डोंगर आता दुपारी चारला उभा राहतो, गाळ्याचं शटर अर्धं खाली असतं आणि दिवाणजी रिकाम्या पेट्यांवर आडवे झालेले असतात.

हंगाम संपेपर्यंत डॅशबोर्ड शेठच्या केबिनमधल्या टीव्हीवर लागला होता. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण गिऱ्हाइकांना दाखवतात. मी गेलो की दिवाणजी रेघेकडे बोट दाखवून विचारतात, "आज भाव काय?"