मातकट रंगांची जुळवाजुळव

माझ्या कपाटात हल्ली गेरू, कथ्थई, मेंदी आणि मळखाऊ खाकी एवढंच दिसतं. आई वैतागते, "सणासुदीला तरी जरा उठावदार घाल गं!" पण राजस्थानातल्या बगरूच्या ठसेछपाईच्या सुती साडीवर कर्नाटकातल्या गुळेदगुडच्या विटकरी खणाचं ब्लाउज घालून बघा. बगरूचा काळा रंग लोखंडाचा गंज आणि गूळ पाण्यात आंबवून करतात. विटकरीशेजारी तो अजिबात बोचत नाही. खणाच्या काठातला मोहरीसारखा पिवळा धरून त्याच रंगाची टिकली शोधायची, एवढीच माझी हौस. पांढराशुभ्र परकर मात्र नको, पातळ साडीतून डोकावतो. कोऱ्या मांजरपाटाचा शिवून घ्या. चांदीपेक्षा पितळी झुमके बरे. (ऑक्सिडाइज्डवाल्यांनी रागावू नये.) आणि पायात तेल मुरलेली कोल्हापुरी.